कारखान्यात सांगण्याआधी

मस्कत

चि. संजूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

एचआयव्ही झाल्याचं फौंड्रीत सांगून मोकळा होऊ का, असं विचारलंस. माझं ऐकशील तर आत्ता नको. सांगायचं केव्हाही सांगता येतं, सांगितलेलं परत घेता येत नाही. बेळगावात, त्यात उद्यमबागेतल्या कारखान्यांत एका सुपरवायझरला कळलं की शिफ्ट बदलेपर्यंत सगळ्यांना कळतं.

गल्फहून परतलेली पोरं म्हणतात, एचआयव्ही निघाला की नोकरी गेली. ते इकडचं; इथे रेसिडेंट कार्डासाठीच रक्त तपासतात. आपल्याकडे एचआयव्हीबद्दल 2017 चा कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू. नोकरीसाठी ही टेस्ट सक्तीची करता येत नाही, आणि 'आजार सांगच' म्हणून मालकाला जबरदस्ती करता येत नाही. सोबत काम केल्याने, कँटीनमध्ये एकत्र जेवल्याने हा आजार लागत नाही, तेव्हा न सांगणं म्हणजे कुणाला फसवणं नव्हे. लग्नाचं मात्र निराळं. तिथे मुलीला आधी सांगायलाच हवं.

खरी अडचण रजेची. सिव्हिल हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरची, म्हणजे एचआयव्हीची औषधं देतात तिथली, तारीख चुकवू नकोस. डॉक्टरांकडून 'औषधोपचार चालू, अमुक तारखेला तपासणी आवश्यक' एवढंच सर्टिफिकेट माग, आजाराचं नाव नको. गोळ्यांची डबी लॉकरमध्ये ठेवू नकोस, लेबल कुणीही वाचतं. रोजची एक गोळी घरीच, शिफ्ट कुठलीही असली तरी जमेल अशा ठरलेल्या वेळी घे. त्यात डोल्युटेग्राविर नावाचं औषध असेल तर पित्ताचं पातळ औषध, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको. एचआयव्हीची गोळी त्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनी घे, नाहीतर औषध अंगी लागत नाही. सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी होईल, तो रिपोर्ट जपून ठेव.

ओळखीचं कुणी दिसेल म्हणून कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलला ट्रान्सफर घ्यायचं डोक्यात असेल, तर मला ते पटत नाही. दर खेपेला अख्खा दिवस जाणार, मग तारखा चुकणार.

पुढे हलकं काम किंवा लांबची रजा लागलीच, तर एचआरमधल्या एकाच माणसाला सांग, तेही कागदावर. 'माझ्या लेखी संमतीशिवाय ही माहिती कुणालाही देऊ नये' असं लिही आणि प्रतीवर पोच घे. तोंडी नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. शंभर किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याने तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा; त्याचं नाव आधीच काढून ठेव. काही अडलं तर 1097 या एचआयव्हीच्या हेल्पलाइनला फोन कर, फुकट आहे.

आईला केव्हा सांगायचं ते तूच ठरव. माझ्या तोंडून शब्द जाणार नाही.

तुझी,
ताई