मामा, तंबोरा आता समोर वाजतो

आदरणीय मामा,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या तुमच्या शेडमध्ये आभार मानायला उभी राहिले की तुम्ही "असू दे ओ ताई, चहा घ्या" म्हणून विषय संपवता आणि पुन्हा वायर सोलायला लागता. म्हणून यावेळी लिहून मानते, आणि चारचौघांसमोर मानते. माझ्या गाडीत तुम्ही जे केलंत त्यात विकत आणलेल्या वस्तू थोड्याच आहेत. स्पीकर कुठे बसवायचा, त्याचं तोंड कुठे करायचं आणि कुठे अजिबात बसवायचा नाही, हे ठरवण्यातच खरं काम होतं. त्यासाठी तुम्ही अख्खी दुपार दिलीत आणि बिलात तिचा एक रुपया लावला नाहीत.

मी गाणं शिकवते. कोल्हापूर ते मिरज असं जाणं-येणं असतं, आणि घरात शांतपणे ऐकायला वेळ मिळत नाही, तो रस्त्यात मिळतो. गाडी साधी हॅचबॅक, चार दारांत चार स्पीकर कंपनीनेच दिलेले. गाणं चालू केलं की गवई माझ्या उजव्या गुडघ्याशी बसल्यासारखा वाटायचा. तबला कुठून येतो ते कळायचं नाही आणि तंबोऱ्याची नुसती किणकिण उरायची. एका दुकानात मला मागच्या पार्सल ट्रेवर, म्हणजे डिकी झाकणाऱ्या फळीवर, बसणारे मोठे अंडाकृती स्पीकर आणि वर एक अॅम्प, म्हणजे आवाजाचा जोर वाढवणारा डबा, दाखवला होता. "काच हादरेल" असं सांगितलं होतं. मला काच हादरवायची नव्हती. कुणीतरी तुमचं नाव सुचवलं.

तुम्ही बजेट विचारलं नाहीत. "काय ऐकता?" एवढंच विचारलंत. मी माझ्याच तंबोऱ्याचं मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग लावलं. मला चालकाच्या सीटवर बसवून तुम्ही म्हणालात, "डोळं मिटा, आणि तंबोरा कुठं ठेवलाय तिकडं बोट दाखवा." मी बोट दाखवलं ते उजव्या दाराच्या खालच्या कोपऱ्याकडे. मग तुम्ही खिशातून टेप काढली. उजव्या दाराच्या जाळीपासून माझ्या कानापर्यंत साधारण ९० सेंमी, डाव्या दारापासून १४० च्या आसपास. "अर्ध्या मीटरचा फरक. उजवा आवाज आधी पोचतोय, म्हणून मेंदू म्हणतोय तंबोरा इकडंच हाय."

हे मी नंतर नीट वाचून काढलं. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे अर्ध्या मीटरला दीड मिलिसेकंद लागतो. ऐकायला हे काहीच नाही. पण थेट एका बाजूने आलेला आवाज आपल्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोचायला मिलिसेकंदाचा जेमतेम दोनतृतीयांश भाग घेतो, आणि तेवढ्या फरकावरून आपण दिशा ओळखतो. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये मांडलं होतं की खालच्या स्वरांची दिशा आपण या वेळेच्या फरकावरून ओळखतो आणि वरच्या स्वरांची कुठल्या कानात आवाज मोठा आहे त्यावरून. तुम्ही हे पुस्तकातून सांगितलं नाहीत. पण त्या दुपारी केलंत ते अगदी हेच: आधी अंतर मोजलंत, मग जोर मोजलात.

ट्वीटरची, म्हणजे वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरांची, जागा शोधतानाचं तुमचं काम मला जन्मभर आठवेल. दोन्ही ट्वीटर लांब वायरला जोडून तुम्ही मास्किंग टेपने जागोजागी चिकटवून बघत होतात. "होल एकदा मारलं की मारलं, ताई. आधी ऐकून घ्या." पहिल्यांदा डॅशबोर्डच्या कोपऱ्यांत, तोंड वर काचेकडे. दिसायला सुरेख. पण माझ्या तंबोऱ्याची जवारी, तारेची ती झणझणती गुंज, फिस्कटली. तारेचा सरळ येणारा आवाज आणि पुढच्या काचेवर आपटून येणारा आवाज किंचित पुढेमागे पोचत होते आणि एकमेकांत मिसळून झणझणीचा गोळा होत होता. मिरजेत सतारमेकर जवारी लावताना तारेखालचा सुती दोरा केसभर सरकवून कानाने पारखतात, ती सगळी मेहनत त्या काचेवर पुसली जात होती.

मग काचेशेजारचा खांब. तिथून आवाज फार चांगला आला, आणि मी "इथंच बसवा" म्हणालेसुद्धा. तुम्ही खांबाच्या पट्टीवरची एअरबॅगची खूण दाखवलीत. आत पडद्यासारखी एअरबॅग गुंडाळलेली असते. अपघातात तिला उघडायला वाट लागते, आणि तिच्या वाटेत बसलेला ट्वीटर डोक्याकडे उडू शकतो. "गाण्यासाठी डोस्कं गमवायचं न्हाई," म्हणालात आणि टेप काढून टाकलीत. गिऱ्हाईक पसंती देत असताना ते काम नाकारलंत, मामा. त्या क्षणाबद्दल मला वेगळे आभार मानायचे आहेत.

शेवटी आरशामागची ती त्रिकोणी पट्टी ठरली, दाराच्याच वरच्या कोपऱ्यात. उंची जवळपास कानाची, काचेचा अडथळा कमी आणि दारातल्या मोठ्या स्पीकरपासून अंतरही थोडं. हे शेवटचं कारण मला नवं होतं. माणसाचा आवाज एकाच स्पीकरमधून येत नाही. त्यातली 'आ'कारातली भरीव बाजू दारातून येते, 'स', 'श', 'त' यांची धार ट्वीटरमधून, आणि तीनेक हजार हर्ट्झच्या आसपास कुठेतरी एकाने दुसऱ्याच्या हाती काम सोपवायचं असतं. दोघे फार लांब बसवले तर गवयाचे ओठ डॅशबोर्डवर आणि छाती पायाशी अशी फाटाफूट होते. वरच्या स्वरांच्या आवाजलहरी बोटभर लांबीच्या, त्याहूनही लहान. त्यांना गुडघा आडवा आला तरी त्या अडतात. म्हणून त्यांना उंच जागा हवी. खालच्या लहरी मीटर-मीटर लांबीच्या, त्या पायाशी राहिल्या तरी चालतं. आणि आवाज किती उंचीवरून येतो हे कान मुख्यतः वरच्या स्वरांवरून ठरवतो, त्यामुळे दारातला खर्ज, म्हणजे खालचा भरीव स्वरसुद्धा उचलून समोर आल्यासारखा वाटतो.

जागा ठरली, पण तोंड ठरायचं होतं. दोन्ही ट्वीटर थेट माझ्याकडे रोखले तेव्हा उजवा कानात घुसत होता. तुम्ही तो बोटभर फिरवलात, छताच्या मधल्या दिव्याच्या दिशेने. म्हणजे जवळचा उजवा ट्वीटर मला तिरका आणि म्हणून मवाळ ऐकू यायला लागला, लांबचा डावा जवळपास समोरून आणि स्वच्छ. तंबोरा उजव्या कोपऱ्यातून उठला आणि डॅशबोर्डच्या मध्याकडे सरकला. मी डोळे उघडले तेव्हा तुम्ही माझ्या बोटाकडे बघत होतात, चेहऱ्याकडे नाही.

मागच्या स्पीकरांचं मी विचारलं, तेव्हा तुम्ही उलट मलाच विचारलंत, "मैफलीत गवयाकडं पाठ करून बसता काय?" आणि फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारं बटण, पूर्ण पुढे ओढून दाखवलंत. मागचे बंद झाल्याबरोबर आवाज लहान होईल असं वाटलं होतं, तो उलट मोकळा झाला. मग मागचे अगदी हळू चालू ठेवलेत, मागे बसणाऱ्या मुलींपुरते. तो पार्सल ट्रे नुसता टेकवलेला असतो, घट्ट कसलेला नसतो. त्यावर जड स्पीकर ठेवला की तोच थरथरतो, आणि अचानक ब्रेक लागला तर सुटून पुढे येऊ शकतो. एवढं तुम्ही सांगितलंत आणि तुम्ही मला सहज विकू शकला असता अशी एक वस्तू विकली नाहीत.

वाचणाऱ्यांसाठी दाराबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं काम तेच आहे. डोअर पॅड काढल्यावर आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी भोकं होती आणि वर नुसता पातळ प्लॅस्टिकचा कागद. स्पीकरचा पडदा पुढे ढकलतो तेवढीच हवा मागे ओढतो. मागची हवा त्या भोकांतून पुढे आली की दोन्ही एकमेकींना खातात आणि खर्ज नाहीसा होतो. माझा तंबोरा काळी चारचा (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सा), खर्जाची तार १०४ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमकी याच ठिकाणी मरणारी. तुम्ही भोकांवर पत्र्याची थरथर शोषणाऱ्या जाड डॅम्पिंग शीट लावून रोलरने दाबून बसवल्या, बाहेरच्या पत्र्यावरही आतून लावल्या, स्पीकरखाली एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग सीलर लावून घट्ट कसली. काच खाली-वर करून मॅग्नेटला घासत नाही ना ते बघितलंत. आणि दाराच्या तळाची पाणी जाण्याची बारीक भोकं मात्र बोटाने चाचपून मोकळी ठेवलीत. काचेच्या रबरातून आत उतरणारं पाणी तिथूनच बाहेर पडतं. ती बुजली तर कोल्हापूरच्या पावसात दार खालून सडेल. शीट लावणारे पुष्कळ आहेत, त्या भोकांची आठवण ठेवणारे थोडे.

त्यानंतर एक लहानसा खेळ केलात. डाव्या स्पीकरच्या दोन वायरी मुद्दाम उलट जोडल्यात. ट्वीटर वाजत होते, आवाजही मोठा होता, पण खर्जाची तार कुणीतरी काढून नेल्यासारखी गेली. वायरी सुलट केल्या आणि ती परत आली. "लय गाड्यांत हेच असतंय, आणि लोक नवा स्पीकर घेत्यात." हे वाचणाऱ्या प्रत्येकाने नवं काही घ्यायच्या आधी एवढं तपासून बघावं. फुकट आहे.

सीटखाली बसवलेल्या सबवूफरबद्दल, म्हणजे अगदी खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरबद्दल, फार लिहीत नाही. ८० हर्ट्झच्या खाली लहर चार मीटरहून लांब होते, म्हणजे माझ्या गाडीहूनही लांब, आणि कानाला दिशा लागत नाही, म्हणून तो कुठेही लपवता येतो. तुम्ही तो डग्ग्याच्या मिंडेला, त्या घसरत जाणाऱ्या घुमाऱ्याला, पुरेल इतकाच ठेवलात. आणि टाइम डीले सगळ्यात शेवटी घातलात. उजव्या स्पीकरला दीड मिलिसेकंदाच्या आसपास थांबवलं, आणि तंबोरा बरोबर मध्यात आला. हे आधीच का नाही केलं, असं मी विचारलं. म्हणालात, जागा चुकली असेल तर बटणं दाबून ती एका डोक्यापुरतीच सुधारते. शेजारी बसलेल्याला ती चुकलेलीच राहते. मागच्या आठवड्यात माझ्या शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीने मी न विचारताच तबल्याचे दोन हात वेगवेगळे ओळखले, तेव्हा तुमचं म्हणणं मला पटलं.

मामा, ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब दरबार गायक होते, त्या गावात गाण्याचा कान फक्त गाणाऱ्यांनाच असतो असं मी कधी मानलं नाही. तरी तुमच्यासारखं ऐकणारं माणूस मला गॅरेजच्या शेडमध्ये भेटेल असं वाटलं नव्हतं. तुमच्याकडे शिकणारी दोन पोरं त्या दुपारी टेप धरून उभी होती. त्यांनाही तुम्ही सीटवर बसवून बोट दाखवायला लावलंत. त्यांना माझा आशीर्वाद सांगा.

माझ्या धाकट्या भावाच्या गाडीत ट्वीटर डॅशबोर्डवर काचेकडे तोंड करून बसवलेले आहेत आणि तो नवा अॅम्प घ्यायच्या बेतात आहे. त्याला मी थांबवलंय. येत्या सोमवारी उद्यमनगर बंद असेल, तर मंगळवारी सकाळी घेऊन येते. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग बरोबर आणते.

आपली,
मिरजेच्या रस्त्यावरची गाणंवाली ताई