डॉक्टरसाहेब, गिरणीचं आबांना आधी सांगितलंत

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सप्रेम नमस्कार. खानापूरकडच्या जुन्या कौलारू घरांची दारं बुटकी. पावसाळ्यात आबांचं डोकं चौकटीला आपटलं. रक्त आलं नाही, टेंगूळही नाही. तीन आठवड्यांनी उजवा पाय ओढत चालू लागले, भाताचा घास हातातून सांडू लागला, नातवंडांची नावं चुकू लागली. एका ठिकाणी "वय झालं" म्हणून टॉनिक मिळालं. दुसऱ्या ठिकाणी स्कॅन केला आणि नॉर्मल म्हणून घरी पाठवलं. त्याचा राग अजून जात नाही.

तुम्ही फिल्मला हात लावण्याआधी आबांकडे पाहिलंत. डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायला लावलेत. दहा सेकंदांत उजवा तळवा आत वळून खाली आला. मग तोच स्कॅन उजेडावर धरून दाखवलात. मेंदूच्या डावीकडच्या घड्या कवटीपर्यंत पोचत नव्हत्या, मेंदूची मधली रेघ सरकली होती. कवटी आणि मेंदूच्या मधे रक्त साठलं होतं. साकळलेलं रक्त स्कॅनमध्ये आधी पांढरं दिसतं आणि पुढे काळपट होतं. मधे, दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास, त्याचा रंग मेंदूसारखाच असतो, तिथेच नजर फसते. म्हातारपणी मेंदू आकसतो, त्याच्यावरच्या शिरा ताणल्या जातात. त्यात आबांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू, म्हणून एवढाशा धक्क्यानंही आत रक्त झिरपत राहिलं.

उपचार मोठा नाही, पण त्यात कुचराई चालत नाही. कवटीला सुमारे 14 मिलिमीटरची दोन भोकं, मेंदूच्या आवरणाला चीर, इंजिन ऑइलसारखं काळं रक्त बाहेर, मग कोमट सलाईननं पाणी नितळ येईपर्यंत धुणं. त्यानंतर उरलेलं वाहून जायला आत नळी, 48 तास. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या अभ्यासात नळी ठेवलेल्यांपैकी सुमारे 9 टक्के रुग्णांत रक्त पुन्हा साठलं, न ठेवलेल्यांत 24 टक्के. "दोन दिवस नळी कशाला?" असं विचारणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला तुम्ही न कंटाळता हे समजावलंत.

पण मनात घर करून राहिलंय ते वेगळंच. जागा बधिर करून, आबा जागे असतानाच हे व्हायचं होतं. हाडाला भोक पाडताना दुखत नाही, पण तो आवाज कवटीतूनच कानात घुसतो. माणूस दचकून मान हलवतो, आणि धोका तिथेच असतो. तुमची मायबोली कन्नड. तरी हात धुवायला जाण्याआधी तुम्ही आबांच्या उशाशी वाकलात आणि मराठीत म्हणालात, "आबा, आता पिठाची गिरणी सुरू झाल्यागत आवाज येईल. दुखणार नाही. मी थांब म्हणेपर्यंत मान हलवू नका." ड्रिल चालू करताना पुन्हा सांगितलंत, "आली बघा गिरणी."

शिकलेली माणसं पुष्कळ भेटतात. म्हाताऱ्याच्या कानाशी वाकणारी थोडी.

आबा आता स्वतःच्या हातानं जेवतात. पत्र लिहायला बसलो तेव्हा त्यांनी निरोप सांगितला: "डॉक्टरांना लिही, गिरणी अगदी तशीच वाजली. मी मान हलवली नाही."