सहाही बोर्डांना एकच मॅक अॅड्रेस (नेटवर्कवरची यंत्राची ओळख), बदलून द्या

नमस्कार,

मागच्या महिन्यात तुमच्याकडून डब्ल्यू५५०० या नेटवर्क चिपचे, इथरनेटवाले सहा बोर्ड घेतले. पिंपळगाव बसवंतला आमचं द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज आहे, सहा चेंबरचं टेंपरेचर ऑफिसमध्ये दिसावं म्हणून. मॅन्युअल म्हणतं प्रोग्राममधली फक्त आयपीची (नेटवर्कवरच्या पत्त्याची) ओळ बदला, तसंच केलं, १९२.१६८.१.५१ पासून ५६ पर्यंत स्टॅटिक (कायमचे) दिले आणि राउटरची डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटायची) रेंज १०० च्या पुढे सरकवली. पहिला बोर्ड छान चालला. दुसरा लावला की पहिल्याचं पिंग (बोर्ड उत्तर देतोय का ते बघायची चाचणी) बंद, काढला की परत चालू.

दोन रात्री केबल, स्विच, अडॅप्टर बदलत बसलो. सपोर्टला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एकच उत्तर, राउटर बदला. तोही नवीन आणला. शेवटी लॅपटॉपवर एआरपी टेबल (कुठल्या आयपीला कुठला मॅक ती यादी) काढलं तर ५१ आणि ५२, दोघांसमोर डीई-एडी-बीई-ईएफ-एफई-ईडी! हा आर्डुइनो या बोर्ड प्रोग्रामिंगच्या प्लॅटफॉर्मच्या उदाहरणातला मॅक, तुम्ही लायब्ररीच्या (तयार कोडच्या) आतल्या फाईलमध्ये तसाच ठेवलाय. आयपी कितीही वेगळे दिले तरी स्विच मॅक बघूनच पोर्ट ठरवतो, दोन पोर्टवर तोच मॅक आला की सगळा घोळ. डब्ल्यू५५०० मध्ये मॅक आधीपासून भरलेला नसतो, तो बोर्ड बनवणाऱ्याने द्यायचा असतो, आणि मॅन्युअलमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

त्या रात्री तिसऱ्या चेंबरचं टेंपरेचर ७ वर गेलं आणि स्क्रीनवर जुनाच आकडा, वॉचमनने दारावरचा काटा बघितला म्हणून माल वाचला. एक्स्पोर्टचा माल होता हो, शेतकऱ्यांचं वर्षभराचं पीक आमच्या भरवशावर ठेवलेलं असतं.

आता मी प्रत्येक बोर्डला ०२ ने सुरू होणारा वेगळा मॅक हाताने टाकलाय, सहाही चालतात. पण हे माझं काम नव्हतं. बोर्ड बदलून द्या, प्रत्येकावर वेगळा मॅक आणि त्याचं स्टिकर हवं, मायक्रोचिपची २४एए०२ई४८ सारखी मॅक भरून येणारी ईईप्रॉम (मेमरी चिप) मिळते, ती बसवा. मॅन्युअलमध्ये आयपीनंतर गेटवे (बाहेर जायचा राउटरचा पत्ता) आणि मग डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून आयपी सांगणारा सर्व्हर) लिहिलंय तेही उलटं आहे, इथरनेट लायब्ररीत डीएनएस आधी येतो, त्यामुळे पिंग लागायचं पण मोबाईलवर अलर्ट यायचा नाही. आणि राउटरचे पैसे परत द्या, बिल सोबत जोडलंय.

आठ दिवसात लेखी उत्तर द्या, फोनवर नको.

आपला ग्राहक