पांढरी पाच

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर आईनं आवाज ऐकूनच विचारलं, "घसा का बसलाय गं?" आणि मागून बाबांचं नेहमीचं, "रियाज सोडला असेल, दुसरं काय!" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहितेय.

घसा रियाजामुळे नाही, सातवीतल्या एका मुलीमुळे बसलाय.

माझ्या गाण्याच्या वर्गात ५८ पोरं, ३५ मिनिटांचा तास आणि एक पेटी. मी षड्ज, म्हणजे सा, दिला की सगळा वर्ग काळी पाचला, पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला, आणि ही खाली कुठंतरी एकाच सुरावर. सा म्हण, ग म्हण, तोच सूर. मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या स्वागतगीताला मीच तिला सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. तिनं निमूटपणे हलवले. ते मला अजून टोचतं.

या जूनमध्ये उलटं केलं. तिला येतो तोच सूर धरायला सांगितला आणि पेटीवर शोधला. पांढरी पाच निघाली, काळी पाचच्या तीन पट्ट्या खाली. मग तोच सगळ्यांचा षड्ज, बाकीचे ५७ आले खाली. आजूबाजूचे आपल्याच सुरात गातायत हे लक्षात आल्यावर ती गायचीच थांबली, वळून वळून बघत बसली. त्या दिवशी नुसता सा आणि रे. मग दर पंधरवड्याला एकेक पट्टी वर.

त्यात गंमत अशी, की शाळेच्या पेटीची काळी दोन आत बसलीय, वाजतच नाही. काळी पाचला सा धरला की तो सूर मध्यम (म) येतो, म्हणून मी हुशारीनं भूप राग निवडला होता, त्यात मध्यमच नाही! पण पांढरी पाचच्या वरची पट्टी काळी चार, आणि तिला सा धरला की तोच पंचम (प) होतो. 'गपध, पधसां' पंचमाशिवाय कसं म्हणायचं? तो पंधरवडा पंचम मी गळ्यानं दिला, दिवसाला पाच-पाच तास. घसा तिथं गेला.

गुरुजींकडे सूर त्यांनी द्यायचा आणि मी गाठायचा. संगीत अलंकारची परीक्षा होईपर्यंत तसंच शिकले, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्गात आधी आपणच पोरांच्या सुराशी जायचं असतं, हे कळायला मला चार वर्षं लागली.

आठवीतल्या मुलांचं आणखी वेगळं. आवाज फुटायला लागला की पंचमाच्या वर चिरकतो, वर्ग हसतो, आणि पोरगा गप्प होतो तो कायमचा. त्यांना खालची ओळ देते, नाहीतर बाकावर केरवा ताल धरायला लावते. केरवा इतका रंगतो की शेजारच्या वर्गातून निरोप येतो.

परीक्षा जवळ आली की "गाण्याच्या बाई, आजचा तास गणिताला देता?" सुरू होतं. आधी देऊन टाकायचे. आता नाही म्हणते. रुसतात, रुसू देत.

बाबा, तुम्ही लोकांना सांगता, "मुलगी गाते." शाळेचं नाव काढत नाही. मिरजेच्या दर्ग्यावरच्या संगीत सभेत मी गावं ही तुमची इच्छा मला माहीत आहे, आणि मला त्याचं काहीच वाटत नाही असं खोटं लिहिणार नाही. पण विष्णू दिगंबर पलुसकरबुवा आपल्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, हे येईल त्याला तुम्हीच सांगता ना? मग १९०१ साली लाहोरला जाऊन त्यांनी काय काढलं? गाण्याचं विद्यालयच ना? पुढच्या वेळी पाहुण्यांना गोष्ट तिथपर्यंत सांगा.

ती मुलगी आता पांढरी सहाला आहे, काळी पाच एकच पट्टी वर. गंधार (ग) अजून थोडा उतरतो.

आई, ज्येष्ठमध संपलाय, पाठव. दिवाळीत येताना पेटी घेऊन येते. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे, पैसे नाही दिले. बाबा, काळी दोन कोण नीट करेल ते तेवढं विचारून ठेवा.

तुमची,
सुमी