कर्जाचा खरा दर घरीच काढा

‘श्रीमंत कसे व्हावे’ सांगणारी व्याख्याने आणि व्हिडिओ हल्ली उदंड झाले आहेत. पहाटे उठा, ध्येय लिहा, चहा-नाश्त्याचा खर्च तोडा! पण सामान्य घराचे पैसे चहात जात नाहीत, ते हप्त्यांत जातात. आणि हप्त्याचे गणित या मंडळींपैकी फारच थोडे शिकवतात.

माझ्या भाच्याला दुचाकीसाठी एक लाखाचे कर्ज ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ दराने देऊ केले होते. मुदत एक वर्ष, व्याज १२,००० रुपये, हप्ता ९,३३३ रुपये. ऐकायला स्वस्त. परंतु दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर आकारले जाते. घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर, हिशेब केला तर हाच दर सुमारे साडेएकवीस टक्के निघतो. आम्ही दोघांनी वहीत बारा ओळी मांडल्या, तेव्हा त्याला ते पटले. शेवटी कर्ज त्याने दुसरीकडून घेतले.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या किरकोळ (म्हणजे वैयक्तिक ग्राहकांना दिलेल्या) कर्जासोबत मुख्य तथ्यांचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात शुल्कासह वार्षिक दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी ते मागून घ्या. ग्राहकाला समजेल अशा भाषेत ते द्यायचे असते, म्हणून मराठीतच मागा. आपल्या दैनिकाने असे एक पत्रक छापून ओळीओळीने समजावून सांगावे, ही विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा