सूचना: निवृत्तीची तारीख आणि सेवापुस्तक तपासणी

अग्निशमन दलातील सर्व बंधू-भगिनींना,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता केंद्रामागच्या हॉलमध्ये सेवापुस्तकातल्या नोंदी तपासायला बसतोय. ज्यांना ५५ पूर्ण झाली, त्यांनी यायचंच. रात्रपाळी संपवून थेट आलात तरी चालेल, चहा-नाश्ता आहे.

नियम असा: राज्यात गट क चं नियत वयोमान, म्हणजे निवृत्तीचं वय, ५८, गट ड चं ६०. ज्या महिन्यात वय पूर्ण होतं, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. मात्र जन्म १ तारखेचा असेल तर आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस. आपल्यात कितीतरी जणांची जन्मतारीख शाळेत १ जून लागलीय. त्यांनी ३१ मे धरूनच चालावं. आपल्या एका चालकदादांना हे अगदी ऐनवेळी कळलं. मुलीचं लग्न जूनमध्ये, त्यात क्वार्टर सोडायची धावपळ. तीस वर्षं धुरात काढलेल्या माणसावर अशी वेळ येता कामा नये.

सोबत आणा:
- दुय्यम सेवापुस्तक (सेवापुस्तकाची आपल्याकडची प्रत)
- शाळा सोडल्याचा दाखला
- नामनिर्देशनाची प्रत

जन्मतारखेच्या दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून ५ वर्षांच्या आत करावा लागतो, म्हणून नवीन मुलामुलींनीही या.

शुक्रवारपर्यंत कंट्रोल रूममधल्या वहीत नाव लिहा.