पूर ओसरतो, धास्ती राहते

महोदय,

कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की आमच्या गल्लीत कुणाला झोप लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा पाणी आले. आता पातळी तिशीत असली तरी माझ्या सासूबाईंची छाती धडधडते. रात्री उठून त्या जिन्याच्या पायऱ्या चाचपून बघतात.

मी निवृत्त परिचारिका आहे. अशा वेळी ‘काळजी करू नका’ म्हणून भागत नाही, हाताला काम द्यावे लागते. कागदपत्रे, बीपीच्या गोळ्या, टॉर्च आणि चार्जर एका पिशवीत भरून आम्ही ती माळ्यावर ठेवतो. पिशवी सासूबाईच भरतात, आणि त्या दिवशी त्यांना बरे वाटते. पातळी सकाळ-संध्याकाळ पाटबंधारे खात्याच्या आकड्यावरूनच पाहायची, व्हॉट्सॲपवरचे जुने व्हिडिओ उघडायचे नाहीत, जेवण वेळेवर घ्यायचे, एवढे नियम घरात पाळतो.

तरीही धास्ती जात नसेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात आपण रोज पाणीपातळीचा तक्ता छापता, त्याखाली हा क्रमांकही छापावा. प्रशासनानेही निवारा केंद्रांत डॉक्टरांबरोबर समुपदेशक नेमावा, विशेषतः एकट्या वृद्धांसाठी.

– एक वाचक, सांगली